उपवासकाळात लहान मुलांनी काय सोडायचे?
राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून ४० दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला, की वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक घरांत प्रश्न येतो : लहान मुलांचे काय? चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेनुसार मांसत्यागाचे बंधन १४ वर्षे पूर्ण झाल्यावर, तर उपवासाचे १८व्या वर्षापासून लागू होते. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाने शुक्रवारी चिकन खाल्ले, तरी नियमभंग होत नाही. मात्र त्याच १२५२व्या कलमाने मुलांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवण्याची जबाबदारी धर्मगुरूंबरोबर पालकांवरही टाकली आहे, आणि अवघड भाग तोच. उपाशीपोटी चिडलेल्या मुलाला तो अर्थ कळणे कठीण. त्यापेक्षा चॉकलेटचे पैसे गरिबांसाठी बाजूला ठेवणे किंवा क्रुसाच्या वाटेच्या १४ स्थानांपैकी दोन-तीन स्थानांपुरते शांत उभे राहणे त्याला झेपते. रविवार मोजणीत नाही, मग त्या दिवशी चॉकलेट का नाही, हे विचारणारी मुलेही असतातच.