प्रक्षेपक आणि क्षेपणास्त्र : एका धातूचे दोन शब्द

‘प्रक्षेपक’ आणि ‘क्षेपणास्त्र’ हे दोन्ही शब्द ‘क्षिप्’, म्हणजे फेकणे, या एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत. ‘अस्त्र’ या पदाने दाखविलेला भेद हेतूचा आहे. यंत्राचा फारसा नव्हे.

१८ जुलै १९८० रोजी एस.एल.व्ही.-३ या प्रक्षेपकाने सुमारे ३५ किलोग्रॅम वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेविला. त्याच्याच घन इंधनाच्या पहिल्या टप्प्यावर २२ मे १९८९ रोजी ‘अग्नी’ची पहिली चाचणी झाली. पृथ्वीनजीकच्या कक्षेसाठी सेकंदास सुमारे पावणेआठ किलोमीटर वेग लागतो. अस्त्राचा वेग त्याहून कमी. म्हणून ते खाली परतते आणि परततेवेळी वातावरणातील प्रखर उष्णतेपासून त्याच्या अग्रभागाचे रक्षण करावे लागते. हे काम प्रक्षेपकास नसते.

पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे प्रक्षेपकांची पोलादी कवचे घडविली गेली आहेत. नुसत्या कवचावरून हेतू कोणी ओळखावा? १९८७ साली स्थापन झालेल्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेने दोहोंना एकाच यादीत घातले, ते याचमुळे. परंतु १९९२ साली अमेरिकेने ‘इस्रो’वर निर्बंध लादले ते रशियाकडून घ्यावयाच्या अतिशीत इंजिनावरून. द्रवरूप हायड्रोजन फार काळ भरून ठेवता येत नाही. सदैव सज्ज असावयाच्या अस्त्रास असे इंजिन गैरसोयीचेच. त्या व्यवस्थेत भारताचा प्रवेश २०१६ साली झाला.