पाय झोपू देत नाहीत!

गिरगावातल्या आमच्या चाळीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड आणि बाहेर लांबलचक गॅलरी. रात्री साडेअकराच्या सुमारास शेवटच्या खोलीतला दिवा मालवला की त्या गॅलरीत एक बाई अनवाणी फेऱ्या घालू लागे. या जिन्यापासून त्या जिन्यापर्यंत आणि पुन्हा परत. बांगड्यांच्या आवाजाने कुणाची झोप मोडू नये म्हणून तिने त्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या असत. मध्येच ती आत येई, अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोच उठून बसे, आपल्याच पोटऱ्या मुठींनी बडवी आणि पुन्हा बाहेर जाई.

ती बाई म्हणजे माझी आई.

"होतंय तरी काय तुला?" वडील विचारीत.

"दुखत नाहीत हो," ती म्हणे, "नुसते शिवशिवतात. आतून कुणी ओढतंय असं वाटतं. हलवले की तेवढ्यापुरतं बरं."

आता जे दुखत नाही, सुजत नाही, डोळ्यांना दिसत नाही, त्याला आजार कोण म्हणणार? शेजारच्या काकूंनी सांगितले, वात आहे. एका डॉक्टरांनी सांगितले, "मनाचे खेळ आहेत, बाई. दिवसा भरपूर काम करा, म्हणजे रात्री झोप लागेल." पहाटे पाचला उठून पाणी भरणाऱ्या आणि सात माणसांचा स्वयंपाक रांधणाऱ्या माझ्या आईला हा सल्ला! कीर्तनाला ती मागे खांबापाशी उभी राही. नाटकाला कडेची खुर्ची मागे. बसल्या बसल्या पाय हलले तर आजी डोळे वटारी, "पाय हलवू नयेत, लक्ष्मी जाते घरातली!"

आणि मी तरी काय केले? १९८४ साली माझी दहावीची परीक्षा होती. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री तिच्या उठबशीने मला जाग आली आणि मी करवादले, "आई, एक रात्र तरी स्वस्थ पडून राहा ना!" ती काही बोलली नाही. पहाटे पाहिले तर जुन्या लुगड्याच्या पट्टीने दोन्ही पाय घट्ट बांधून, भिंतीला टेकून ती टक्क जागी बसली होती. मला झोप मिळावी म्हणून!

दुखण्याला नाव मिळाले

आई २००६ साली गेली. तिच्या दुखण्याला नाव आहे, हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. मला कळले ते १२ वर्षांनी, आणि तेही माझेच पाय शिवशिवू लागले तेव्हा!

अठ्ठेचाळिसावे वर्ष लागले आणि रात्री टीव्हीपुढे बसले की पोटऱ्यांत काहीतरी वळवळू लागले. मुंग्या म्हणावे तर मुंग्या नव्हेत, पेटके म्हणावे तर गोळा आलेला नाही. दोन वर्षे मी ते थकव्यावर ढकलले. शेवटी २०१८ साली आमच्या फॅमिली डॉक्टरांपुढे बोलले. त्यांनी पाय तपासण्याआधी चारच प्रश्न विचारले. पाय हलवल्यावाचून राहवत नाही, असे होते का? बसले किंवा आडवे झाले की ते वाढते का? चालले, ताणले, चोळले की निदान तेवढा वेळ थांबते का? आणि दिवसापेक्षा संध्याकाळी व रात्री जास्त होते का?

चारही प्रश्नांना माझे 'हो' आले. डॉक्टर म्हणाले, "याला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. तुमच्या आईंना होतं का असं?"

मला क्षणभर बोलताच आले नाही.

हे दुखणे काही आजकालचे नव्हे. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने १६७२ साली ते लिहून ठेवले आहे. अशा माणसाला अंथरूण म्हणजे छळाची जागा होऊन बसते, असे त्याने म्हटले होते. पुढे १९४५ साली कार्ल-आक्सेल एक्बोम या स्वीडिश डॉक्टरांनी त्याचे तपशीलवार वर्णन करून त्याला आजचे नाव दिले. पुरुषांपेक्षा बायकांत हे अधिक आढळते आणि पुष्कळ घरांत ते पिढ्यान् पिढ्या उतरते. रात्री पायात गोळा येतो ते दुखणे वेगळे. मधुमेहाने तळपायांची आग होते तेही वेगळे. म्हणूनच ते चार प्रश्न महत्त्वाचे.

कोठीतले लोह

"पण मला झालं कशाने?" मी विचारले. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन १२.१ आले. मी निःश्वास टाकला. डॉक्टरांनी मात्र दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले: फेरिटिन १८.

त्यांनी मला समजावले ते माझ्या भाषेत सांगते. हिमोग्लोबिन म्हणजे ताटात वाढलेले अन्न आणि फेरिटिन म्हणजे कोठीच्या डब्यातला साठा. पाहुण्यांना ताट भरलेले दिसते; डब्याने तळ गाठला आहे हे घरच्या बाईलाच ठाऊक असते. तसेच लोहाचे आहे. मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य तयार होते आणि ते तयार व्हायला लोह लागते. या आजारात मेंदूतले लोह कमी पडते. डोपामिनचा कारभार बिघडतो, आणि रात्री तो बिघाड अधिक जाणवतो. रक्तातला फेरिटिनचा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर 'नॉर्मल' छापून येईल; पण ज्याचे पाय रात्री छळतात, त्याचे फेरिटिन ७५ किंवा त्याहून खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांत रक्तक्षय आढळला होता. तेव्हा ही तपासणी किती घरांत उपयोगी पडेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मात्र एक इशारा. कुणाचे ऐकून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून खाऊ नका. शरीरात लोह जास्त झाले तर तेही घातक असते. तपासणी आधी, गोळी मागून. माझा चहा जेवणापासून आणि गोळीपासून दूर गेला, कारण चहा लोह शोषू देत नाही. गोळीबरोबर लिंबाचे सरबत आले, कारण ते शोषायला मदत करते. अळीव, मेथी, नाचणी, कडधान्ये ताटात असावीतच. पण रिकामी कोठी केवळ आहाराने भरायला फार दिवस लागतात. कुणाला गोळी पोटात ठरत नाही वा पुरत नाही. त्यांना शिरेतून लोह देतात.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला होता: "दुसरी औषधं कोणती घेता?" सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या काही गोळ्या, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरची कित्येक औषधे यांनी ही शिवशिव वाढते. आपल्या मनाने ती बंद करू नयेत. पण डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावीत.

ज्यांना लोहाने भागत नाही त्यांच्यासाठी औषधे आहेत. पूर्वी डोपामिनसारखे काम करणाऱ्या गोळ्या सर्रास देत. त्यांनी आधी उत्तम गुण येतो. पुढे मात्र काहींचा त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांपर्यंत पसरतो. म्हणून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीच्या सूत्रांत त्या सरसकट देऊ नयेत असे सुचवून, गॅबापेंटिन-प्रीगॅबालिन या जातीच्या औषधांना पसंती दिली आहे. जुन्या गोळ्या घेत असाल तर त्या एकाएकी सोडू नका, डॉक्टरांना विचारा.

रात्री काय करावे?

गुण यायला मला तीन महिने लागले. तोवर रात्री होत्याच! त्या काळात जे उपयोगी पडले ते सांगते.

दुपारनंतर चहा-कॉफी बंद. घरात कुणी तंबाखू वा दारू घेत असेल तर तीही या दुखण्याला खतपाणी घालते. संध्याकाळी अर्धा तास चालणे. पण रात्री उशिरा दमछाक करणारा व्यायाम नको. निजण्यापूर्वी बादलीत सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचे, मग पोटऱ्या चोळायच्या आणि भिंतीला हात टेकून त्या ताणायच्या. कुणाला गरम पाण्यापेक्षा गार पाण्याने बरे वाटते. ज्याने त्याने पाहावे. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी, कारण जागरणाने हे दुखणे बळावते. आणि बसणे भागच असेल तेव्हा डोक्याला काम द्यावे. शब्दकोडे सोडवताना किंवा विणकामाचे टाके मोजताना माझे पाय आश्चर्यकारक शहाण्यासारखे वागत!

एवढे करूनही शिवशिव आलीच, तर अंथरुणात झुंजत राहू नये. सरळ उठावे, दहा मिनिटे चालावे आणि परत यावे.

आजही माझे पाय पुरते सुधारले आहेत असे नाही. पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री मी झोपते.

गेल्या वर्षी रात्री साडेबाराला ठाण्याहून लेकीचा फोन आला. तिला सातवा महिना होता. "आई, पाय ओढल्यासारखे होतात गं. नवरा म्हणतो, सगळ्यांनाच होतं या दिवसांत." तिला मी चारच प्रश्न विचारले. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास पुष्कळ जणींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा थांबतो, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली, रक्त तपासले, लोह सुरू झाले. जावईबापू रात्री तिच्या पोटऱ्या चेपू लागले. माझ्या आईला ३० वर्षे जे मिळाले नाही, ते माझ्या लेकीला एका दिवसात मिळाले.

वाचकहो, तुमच्याही घरात रात्री कुणी फेऱ्या घालत असेल. सासूबाई असतील, वडील असतील, गरोदर सून असेल. त्यांना "स्वस्थ पडा" असे म्हणू नका. ते त्यांच्या हातात नसते. उठा, दिवा लावा आणि "कधीपासून होतंय असं?" एवढे विचारा. मी आईला हे कधी विचारलेच नाही.