सह्याद्रीचा आडोसा आणि शिरूर-दौंडची रब्बी

जुलैमध्ये भीमाशंकर, लोणावळा भागात पावसाची झड लागते, धरणे भरल्याच्या बातम्या येतात आणि त्याच वेळी शिरूर-दौंडच्या माळावर ढग नुसतेच वाहून जातात. हे असे का होते?

कोकण आणि देश यांच्या सीमेवर सह्याद्रीची रांग दक्षिणोत्तर उभी आहे. पुणे आणि रायगड जिल्ह्यांची हद्दही बरीचशी याच कड्यावरून जाते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या रांगेला अडून वर चढतात. वर हवा थंड होऊन बाष्पाचे पाणी होते व ते घाटमाथ्यावरच कोसळते. पूर्वेकडे उतरताना हवा तापते, कोरडी होते. त्यामुळे घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर अवघ्या शंभर किलोमीटरच्या आत आपल्याकडे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

मात्र डोंगर अडवतो तसा देतोही. भीमा, घोड, कुकडी, मुळा, मुठा या नद्या तिथेच उगम पावतात. चासकमानचे पाणी शिरूरला आणि खडकवासल्याचे दौंडला कालव्याने येते ते मूळचे घाटातलेच. पण कालवा ज्यांच्या शिवारात पोचत नाही, त्यांनी धरणाच्या बातमीवर पेरणीचा बेत करू नये. (कालव्याखालच्यांनीही उसाला पाणी तुंबवून जमिनी चोपण करू नयेत, हे जाता जाता सांगतो.)

सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस निराळा. तो बहुधा पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरातील कमी दाबामुळे किंवा स्थानिक वळवासारखा मेघगर्जनेसह येतो. त्याला सह्याद्री आडवा येत नाही. म्हणून आपली खरी भिस्त रब्बीवर. हा पाऊस जमिनीत मुरला तरच ज्वारी साधते. त्यासाठी जुलै-ऑगस्टमध्येच उताराला आडवी मशागत करावी, बांध दुरुस्त करावेत व रानात लहान वाफे किंवा सऱ्या पाडून ठेवाव्यात.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, वाफसा येताच करावी. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा हे वाण निवडावेत. जमीन हलकी की भारी हे अंदाजाने ठरवू नका. कुदळीने खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा व भेगा पडण्याआधी कोळपणी करा.