‘रन’ची धाव कुठवर?

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. इंग्रजीतल्या ‘रन’ या क्रियापदाच्या धावेला मात्र कुंपणच नाही!

‘रन म्हणजे धावणे’ एवढे घोकून आपला विद्यार्थी निर्धास्त होतो आणि पुढे त्याची फसगत सुरू होते. इंग्रजीत नदी ‘रन’ होते, तसे सर्दी झालेले नाकही होते. दुकानदार दुकान ‘रन’ करतो, धुण्यात कच्चा रंग ‘रन’ होतो. डब्यातली साखर संपली तर ती ‘रन आऊट’, आणि क्रिकेटमध्ये धाव अपुरी पडून गडी बाद झाला तर तोही ‘रन आऊट’! अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. इंग्लंडातला मात्र, आपल्याकडच्यासारखाच, उभा राहतो. मते मागण्याची दगदग दोघांनाही सारखीच!

१९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशात सर्वांत जास्त जागा अडवली होती ती ‘सेट’ या क्रियापदाने. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे अर्थ ४३० च्या घरात गेले. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ तपासायला घेतले, तेव्हा पीटर गिलिव्हर या संपादकांचे सुमारे नऊ महिने त्या एका शब्दातच गेले. २०११ साली हिशेब लागला तो एकट्या क्रियापदाच्या ६४५ अर्थांचा!

एवढे अर्थ आले कुठून? पूर्वी धावत ती माणसे, जनावरे आणि पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून यंत्रांचा सुकाळ झाला आणि त्यांच्या हालचालीला इंग्रजांनी हाच शब्द जुंपला. आता संगणकातला प्रोग्रॅमसुद्धा ‘रन’ होतो. गंमत अशी, की त्यांचे जिथे धावते तिथे आपले चालते! आपले घड्याळ चालते, गिरणी चालते, दुकानही चालते.

मग मुलांनी ६४५ अर्थ पाठ करायचे की काय? छे! आपले ‘लागणे’च पाहा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झाडाला फळे लागतात, वाटेत देऊळ लागते, घाटात बस लागते आणि दमल्यावर डोळाही लागतो. हे अर्थ कुणी कोशातून पाठ करवले होते? पाच वर्षांचे पोरदेखील त्यांत चुकत नाही. कारण त्याने ‘लागणे’ कधी एकटे ऐकलेलेच नसते. ते नेहमी भुकेबरोबर, ठेचेबरोबर कानावर पडते.

इंग्रजीही याच वाटेने येते. तेव्हा, पालकहो, सुट्टीत मुलांपुढे शब्दार्थांची यादी ठेवू नका. ‘नदी रन होते’, ‘दुकान रन करतो’ अशी पुरी इंग्रजी वाक्ये त्यांच्या कानांवर घाला. क्रियापद एकटे भेटले की परके वाटते, सोबत्यांसह भेटले की आपलेसे होते. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या कितीतरी हुशार मुलांना एवढा दिलासासुद्धा पुरेल.