तांबडी लघवी आणि न विचारलेला प्रश्न

निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडील शेतकरी कुटुंबांना हे सांगावयास नको, की घरची एक दुभती म्हैस म्हणजे मुलांच्या फीचा, औषधपाण्याचा आणि सणावारांचा आधार होय. तंबाखूचा व उसाचा पैसा हंगामाला येतो आणि बहुधा येण्यापूर्वीच वाटला गेलेला असतो. दुधाच्या पैशावर मात्र रोजचा संसार चालतो. म्हणूनच पहाटे शेण काढावयास गेलेल्या गृहिणीला गोठ्यातील लघवी कोऱ्या चहासारखी तांबडी-काळी दिसली, की तिच्या पोटात गोळा उठतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील अशाच एका गोठ्यात मी उभा होतो. म्हैस चौथ्या वेताची, भरपूर दुधाची. दूध दोन दिवसांत निम्म्याहून खाली आले होते, शेण खडा झाले होते आणि चालताना तिच्या झोकांड्या जात होत्या. एक वयस्क पशुवैद्य आले. त्यांच्याबरोबर प्रशिक्षणाच्या वर्षातील एक तरुण होता. वृद्ध गृहस्थांनी दारातूनच पाहिले, कानामागे एक-दोन गोचीड दिसले, आणि "गोचीडताप आहे," असे म्हणून त्यांनी सुई भरावयास घेतली. तरुणाने थर्मामीटर बाहेर काढला होता. "तुझी पुस्तकं कॉलेजात ठेव. इथं पेटी धरायची," असे त्याला जमलेल्या मंडळींसमक्ष ऐकावे लागले. काही जण हसले. मीही हसलो असेन. तिसऱ्या दिवशी म्हैस गेली.

पुढे तो तरुण मला एस. टी. स्थानकावर भेटला. तो म्हणाला, "मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की आक्का, म्हैस व्याली कधी? पण आदल्या आठवड्यात एका गोठ्यात असाच प्रश्न विचारला, तेव्हा परत येईपर्यंत गाडीत माझी टिंगल चालली होती. म्हणून गप्प बसलो."

ती म्हैस व्याल्याला वीस दिवस झाले होते. हा प्रश्न इतका मोलाचा का, ते आता पाहू.

लघवी तांबडी होण्याची कारणे अनेक. त्यांपैकी दोन आपल्या गोठ्यांतून विशेष आढळतात. दोहोंत रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग मूत्रावाटे बाहेर पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला खूण एकच दिसते. परंतु पहिल्या रोगात पेशी फोडणारा शत्रू बाहेरचा असतो. बबेसिया नावाचा सूक्ष्म परजीवी गोचिडाच्या चाव्यातून रक्तात शिरतो व पेशींतच वाढतो. जनावराला १०४ ते १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढतो, डोळ्यांच्या व तोंडाच्या आतील त्वचा पांढरी पडते. संकरित गाईंना हा रोग फार जाचतो. म्हशी त्यामानाने काटक असतात.

दुसऱ्या रोगात शत्रू कोणीच नसतो. असते ती उणीव. व्याल्यानंतर दुधावाटे म्हशीच्या शरीरातील स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, झपाट्याने बाहेर जातो. वैरणीतून तो भरून आला नाही, तर तांबड्या पेशी दुर्बळ होऊन फुटू लागतात. हा विकार बहुधा तिसऱ्या वेतानंतरच्या, जास्त दूध देणाऱ्या म्हशींना, व्याल्यापासून महिन्याभरात होतो. गाभणपणाच्या शेवटीही तो दिसतो. यात ताप सहसा नसतो. म्हणजे अर्ध्या मिनिटाचा थर्मामीटर आणि एक प्रश्न, एवढ्यावर निदानाची दिशा ठरू शकते. उपाय तर अगदी भिन्न: एकात परजीवी मारणारे इंजेक्शन, दुसऱ्यात शिरेतून दिले जाणारे स्फुरदयुक्त औषध. पहिले औषध दुसऱ्या रोगात कितीही दिले तरी उणीव काही भरून निघत नाही. ती म्हैस खात्रीने वाचली असती असे मी म्हणत नाही. परंतु तिला वाचण्याची संधी मिळाली नाही, हे खरे.

आपल्याकडे नुसता कडबा, पिंजर आणि हंगामात उसाचे वाडे, यांवर म्हैस काढण्याची रीत आहे. सुक्या वैरणीत स्फुरद थोडा. वाड्यातील ऑक्झॅलेट चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, बांधून ठेवते. त्यामुळे चुन्याचीही ओढाताण होते. व्याल्यावर दोन-तीन दिवसांत म्हैस कान गार पडून, मान पोटाकडे वळवून बसते, तो दुग्धज्वर याच घराण्यातला. नावात ज्वर असला तरी अंग उलट थंड पडते! गव्हाचा वा भाताचा कोंडा, पेंड आणि क्षारमिश्रण ही श्रीमंतांची चैन नव्हे. खानापुराकडील भातखाचरांच्या ओल्या रानात गोगलगाईंमुळे होणाऱ्या पर्णकृमींची गोष्ट वेगळी. ती पुन्हा केव्हातरी.

गोचिडाचे गुपित कसे उलगडले, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत टेक्सासहून उत्तरेकडे गुरे नेली, की वाटेवरची स्थानिक गुरे तांबड्या लघवीने मरत. अनेक गुराखी म्हणत, हे गोचिडाचे काम. विद्वान मंडळी हसत. थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी मात्र ते म्हणणे हसण्यावारी न नेता प्रयोग केले आणि १८९३ साली ते खरे असल्याचे प्रसिद्ध केले. कीटकासारख्या जीवाकडून असा परजीवी रोग पसरतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा. डासांविषयीचा रोनाल्ड रॉस यांचा शोध त्यानंतर, १८९७ सालचा. अडाणी गुराख्याचे ऐकून घेतल्याने विद्येचा दरवाजा उघडला. आपण तर आपल्याच विद्यार्थ्याचे तोंड बंद करतो.

आणि हे केवळ गुरांच्या डॉक्टरांत चालते असे नव्हे. माणसांच्या इस्पितळांतही शिकाऊ डॉक्टरांना वरिष्ठांकडून अपमान, शिवीगाळ, जागरणांची शिक्षा सोसावी लागल्याच्या तक्रारी वारंवार येतात. जळगाव जिल्ह्यातून आलेली, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपविले. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली व त्याच वर्षी आरोपपत्र दाखल झाले. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम. आपण तो ठरवू नये. पण तिची आई अबेदा तडवी त्याच वर्षी रोहित वेमुलाच्या आईसह सर्वोच्च न्यायालयात गेली, ती इतर मुलांसाठी.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कर्नाटकातही १९८३ च्या शिक्षण कायद्याने रॅगिंग हा गुन्हा ठरविला. १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर विद्यार्थ्याला विनामूल्य तक्रार करता येते. आपल्या गावांतूनही मुले-मुली डॉक्टरकीला जाऊ लागली आहेत. सुटीत घरी आलेला मुलगा जेवता-जेवता गप्प झाला, तर "आम्हीही सोसलंच की," असे म्हणून त्याला परत धाडू नका. त्याला बोलते करा.

गोठ्यापुरते म्हणाल, तर जनावर आजारी पडताच १९६२ क्रमांकावर फोन करता येतो. फिरते पशुवैद्यक पथक येईपर्यंत तांबडी लघवी एका पांढऱ्या बाटलीत धरून ठेवावी. ती काही वेळ स्थिर ठेवल्यावर तांबडे तळाशी बसले, तर ते साक्षात रक्त असू शकते, आणि रोग तिसराच असेल; सगळी बाटली एकसारखी तांबडी राहिली, तर पेशी फुटत आहेत. व्याल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहावी. डॉक्टरांनी ताप पाहिला नाही, तर "साहेब, एकदा ताप बघता का?" असे नम्रपणे म्हणावयास हरकत नाही. आणि त्यांच्यामागे पेटी धरून कोणी तरुण उभा असेल, तर त्यालाही विचारावे, "बाळा, तुला काय वाटतं?"

तो एस. टी. स्थानकावर भेटलेला तरुण आता दुसऱ्या तालुक्यात नोकरीला आहे. त्याच्या हाताखालीही प्रशिक्षणाची मुले येतात. गोठ्यात शिरल्यावर पहिला प्रश्न तो त्यांनाच विचारावयास लावतो, असे मी ऐकतो.