आण्यांची किंमत, शेराचं माप

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांमध्ये एक उघड पंक्तिप्रपंच आहे. पेशवाईतला अडकित्ता, वाड्याचा कोरीव दरवाजा, रविवर्म्याची तसबीर यांना दिवाणखान्यात मानाची जागा मिळते. १९४० ते १९७० या काळात मराठी घरांत रोज वापरल्या गेलेल्या वस्तूंच्या वाट्याला मात्र माळा येतो, नाहीतर भंगार. वातींचा स्टोव्ह, एनॅमलचं ताट, व्हॉल्व्हचा रेडिओ, बॅकेलाइटचं काळं बटण, लोणच्याची बरणी या वस्तू ना धड प्राचीन, ना धड वापरातल्या. कायद्याच्या लेखीही त्यांना वजन नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार सर्वसाधारणपणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तूच पुरावस्तू ठरते. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, वज्र्या, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी गोळा केली आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. त्यांनी जमवलं ते लोक टाकून देत होते तेच. आज लोक टाकून देताहेत त्या या तीस वर्षांतल्या वस्तू.

त्या गेल्या कुठे, हे कोड्यात पडण्यासारखं नाही. स्टेनलेस स्टील आलं, घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही, आणि दारावर बोहारीण जुन्या साड्यांच्या बदल्यात तेच देऊ लागली. पितळेची घंगाळं, तपेल्या, कळशा मोडीत गेल्या आणि त्या पैशांत स्टीलचे डबे आले. त्यामुळे आज पितळ-तांब्याचं जे सापडतं ते बहुधा लग्नातलं म्हणून, देवघरातलं म्हणून, किंवा भावंडांत वाटणी झाली नाही म्हणून राहिलेलं असतं. उलट पत्र्याचे छापील डबे टिकले ते त्यांना मोडीत कोणी विचारत नव्हतं म्हणून. डालडाच्या पिवळ्या डब्यात तुळस लावायची पद्धत नसती, तर तेही फारसे दिसले नसते.

जुन्या बाजारात गेलात, पुण्याचा बुधवार-रविवारचा असो की मुंबईत मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार, प्रत्येक वस्तू 'ब्रिटिश जमान्यातली' असते. विक्रेत्याशी वाद घालू नये. त्याचा तो धंदा आहे. वस्तू हातात घ्यावी, उलटी करावी आणि वाचावी. वय सांगणाऱ्या सर्वांत भरवशाच्या खुणा सरकारनेच करून ठेवल्या आहेत. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. तेव्हा डब्यावर किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यावर '१-४-०' अशी किंमत असेल, तर ती एक रुपया चार आणे शून्य पै. म्हणजे १९५७च्या आधीची, किंवा फार तर बदलाच्या दोन-चार वर्षांतली, कारण आणे लोकांच्या जिभेवरून आणि छपाईतून एका रात्रीत गेले नाहीत. 'नये पैसे' लिहिलं असेल तर मामला आणखी सोपा: १९५७ ते १९६४. जून १९६४पासून त्यातला 'नये' गेला. वजनांचंही तसंच. ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि शेर, छटाक, तोळा मागे पडले. लोखंडी वजनांवर आणि मापांवर निरीक्षकांनी पडताळणीच्या वेळी ठोकलेले बारीक शिक्केही असतात. मापटं हाती लागलं तर भिंग घेऊन आधी ते शोधा.

पत्ता हा तिसरा साक्षीदार. 'मुंबई ४', 'पुणे २' असा सुटा आकडा जुना. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. आयएसआयची खूण असेल तर वस्तू पन्नाशीच्या दशकाच्या मध्यानंतरचीच, कारण प्रमाणीकरणाची ती योजनाच तेव्हा सुरू झाली. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांतच मारला जाई. १९५२नंतर तो नाही. आणि १९५७-५८च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई होऊन आयातीला आळा बसला. म्हणून स्वीडनचा स्टोव्ह किंवा चेकोस्लोव्हाकियाचं एनॅमल मध्यमवर्गीय घरातून निघालं, तर ते त्याआधी विकत घेतलेलं असण्याचा संभव जास्त. आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेले मामा-काका हा अपवाद धरून.

इथे नवा संग्राहक हमखास एक घोटाळा करतो. पिनकोड दिसला, तर वस्तू १९७२नंतरची हे पक्कं. पण पिनकोड नाही म्हणून ती १९७२च्या आधीची, असं ठरवता येत नाही. छापखान्यात पडून असलेले जुने ठसे व्यापारी वर्षानुवर्षं वापरत. खूण असेल तर ती पुरावा धरावी. खूण नसण्याला पुरावा मानू नये. रेडिओच्या डायलवर लाहोर वाचून तो फाळणीपूर्वीचा ठरवणारे भेटतात, पण फाळणीनंतरच्या सेटवरही परदेशी केंद्रांची नावं असतच. त्यापेक्षा मागचा पुठ्ठा काढून आत व्हॉल्व्ह आहेत की ट्रान्झिस्टर ते बघा. आणि रेडिओसोबत लायसन्सचं पुस्तक मिळालं, तर जास्तीचे पैसे देऊन घ्या. त्यातल्या नूतनीकरणावर पोस्टाचे तारखेचे शिक्के असतात. तसा दाखला दुसरा कुठलाच नाही.

भांड्यांना मी सर्वांत वर ठेवतो, कारण मराठी घराने भांड्यांवर लिहून ठेवलं आहे. 'भांड्यांवर नावं घालून मिळतील' ही पाटी ज्या दुकानावर असे तिथे कारागीर छोट्या छिन्नीने टिंबाटिंबांची अक्षरं ठोकत असे. माझ्याकडे एक पितळी डबा आहे. झाकणाच्या कडेला अर्धवर्तुळात लिहिलंय: 'मुंजीनिमित्त मामांकडून सप्रेम भेट', खाली 'शके १८७७'. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९५५ येतं, आणि मुंजीचा मोसम वैशाख-ज्येष्ठातला धरला तर महिन्याचाही अंदाज बांधता येतो. अक्षरं बोटाने चाचपली की प्रत्येक टिंबाला कड लागते. विजेच्या यंत्राने कोरलेलं नाव पुढचं. ती रेघ अखंड आणि थोडी थरथरती असते. भेट देणाऱ्याचं नाव, नातं, निमित्त, तारीख! इतकी माहिती स्वतःवर बाळगणारी घरगुती वस्तू दुसरी मला माहीत नाही.

घडणीवरूनही बरंच कळतं. तांब्याच्या बंबावर किंवा हंड्यावर पत्र्याला दाते कापून, एकमेकांत अडकवून डाख लावलेली शिवण दिसली, तर काम हाताचं. आतून एकसारखी वर्तुळं दिसली, तर लेथवर चढवलेलं. पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारकामात हातोडीचे ठोके ओळीने पडतात, पण प्रत्येक ठोका शेजारच्यापेक्षा अंशभर वेगळा असतो. साच्यातून काढलेल्या नकलेत ते नेमके सारखे येतात. खिशात लोहचुंबक ठेवा. पितळ म्हणून दिलेल्या समईला तो चिकटला, तर आत लोखंड आहे. बॅकेलाइटचा संशय असेल तर अंगठ्याने जोरात घासून वास घ्या; कार्बोलिकसारखा उग्र दर्प आला तर खरं.

यंत्रांचं काम त्या मानाने रुक्ष, पण पक्कं. सिंगरच्या शिवणयंत्रावर कोरलेल्या अनुक्रमांकावरून कारखाना आणि साल निघतं. त्याच्या सुरुवातीच्या दोन अक्षरांतलं पहिलं 'ई' असेल, तर यंत्र स्कॉटलंडच्या क्लाइडबँकचं.

स्वदेशीच्या वस्तूंकडे मराठी संग्राहकाने अधिक लक्ष द्यायला हवं, असं माझं मत आहे. लोकमान्यांचा पाठिंबा असलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. १९१६ साली कराडजवळ ओगल्यांनी कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील वीज पोहोचेपर्यंत खेडोपाडी जळत राहिला. बरण्यांच्या बाबतीत सौराष्ट्रात परशुराम गणपुले यांनी पॉटरी उभी केली. प्रभाकर कंदील अजून मिळतात, पण धड असे थोडेच. एकाची टाकी, दुसऱ्याची काच, तिसऱ्याची कडी असा जोडून केलेला कंदील सर्रास विकला जातो. टाकीवर आणि काचेवर नाव एकच आहे का ते बघा. नसलं तरी घ्या, पण भाव त्याप्रमाणे करा.

साफ नकला सर्वांत जास्त कर्ण्याच्या ग्रामोफोनच्या. चकचकीत पितळी कर्णा, नवं लाकडी खोकं, वर कुत्र्याचं चित्र आणि आत कुठल्यातरी पेटीवजा ग्रामोफोनचं यंत्र. अशा वस्तूवर खर्च करण्यापेक्षा त्या पैशांत पाच खरे एनॅमलचे मग येतील.

घरी आणल्यावर चिंच, ब्रासो आणि काथ्या घेऊन बसू नका. लखलखाटाच्या नादात टिंबांची नावं आणि छापाची अक्षरं झिजतात. धूळ मऊ कापडाने पुसावी, पत्र्याच्या डब्याला पाणी लावू नये. पितळेच्या भांड्यात स्वयंपाक करायची हौस असेल, तर आधी कल्हई करून घ्या. कथील आणि नवसागर घेऊन बसणारा कल्हईवाला अजून शोधला तर सापडतो. उघड्या पितळेत आमटी, ताक ठेवू नका.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचं काही खाली आलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. वस्तू उलटी करून तळाचं सगळं वाचा, घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कोणाची, कधीची, कुठून आणली ते विचारा, आणि सांगतील ते एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते.