शेरमनच्या अंगावरची माती

शेरमन रणगाड्याची लांबी सुमारे सहा मीटर. १/३५ मापाच्या मॉडेलमध्ये तो सतरा सेंटीमीटरचा होतो, म्हणजे वीतभरही भरत नाही. हे माप रूढ केलं जपानच्या तामिया कंपनीने, १९६०च्या दशकात. त्यांच्या पहिल्या पँथर रणगाड्याच्या मॉडेलच्या पोटात मोटर आणि बॅटरी बसवायची होती. त्यासाठी जो आकार घ्यावा लागला, तोच पुढे जगभरच्या छांदिष्टांनी स्वीकारला. प्लास्टिकच्या चौकटीतून भाग कापणं, कडा पॉलिश पेपरने घासणं, सांधे चिकटवणं हे धीर असलेल्या कुणालाही जमतं. खरा कस लागतो वेदरिंगला, म्हणजे कोराकरकरीत रणगाडा रणांगणावरून आलेला दिसायला हवा तेव्हा.

जालन्याच्या माणसाने शेरमनच निवडावा, असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकात इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. त्या कंटिंजंटच्या घोडदळाचा वारसा डेक्कन हॉर्स रेजिमेंटकडे आला, आणि सप्टेंबर १९६५मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत ही रेजिमेंट शेरमन घेऊन उतरली. समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, शेरमनहून पुष्कळ नवे. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं, उसाच्या आडून मारा केला. कित्येक पॅटन चिखलात रुतले ते तिथेच राहिले.

आता या शेरमनला माती कुठली लावायची? हात आपसूक शिवारातल्या काळ्या मातीकडे जातो. ती इथे चालणार नाही. पंजाबची माती म्हणजे नद्यांनी आणून टाकलेला गाळ, फिकट आणि पिवळसर. चाकांपाशी ती ओली, म्हणून गडद आणि किंचित चकाकणारी हवी. वर चढत जाल तशी वाळून पांढुरकी. शिवाय कणही मापात बसावा लागतो. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात पावणेदोन सेंटीमीटरचा खडा ठरतो! म्हणून पेस्टल खडू घासून त्याची पूड मलमलीतून गाळतात आणि टर्पेंटाइनच्या थेंबाने बसवतात. रंगाच्या टवक्यांचंही तसंच. मिलिमीटरभर टवका काढलात तर खऱ्या पत्र्यावरचा साडेतीन सेंटीमीटर रंग उडाला. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून, फक्त माणसांचे बूट घासतात त्या झाकणांच्या कडांवर टेकवावा.

गंज शिकायला मात्र जालन्यासारखी जागा नाही. इथल्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया करतात. भंगाराच्या ढिगापुढे थोडं थांबून बघा. ताजा गंज केशरी असतो, जुना जांभळट तपकिरी, आणि पाणी साचतं तिथून खाली ओघळ उतरतात. हे रंग बाटलीवरचं लेबल वाचून कळत नाहीत. पण चालत्या रणगाड्यावर गंज थोडाच असतो. लोक अख्खे पट्टे तपकिरी रंगवून टाकतात, ते मला फार खटकतं. किटमध्ये रबरी ठोकळ्यांचे पट्टे असतील तर रबर गंजणार कसं? तिथे धुळकट काळा रंग हवा. पोलादी जोड आणि दाते चाकांवर सतत घासले जातात, म्हणून ते चकाकतात. त्यांच्यावर पेन्सिलीचं शिसं चोळलं की काम होतं.

हे सगळं करण्याआधी वॉश द्यायचा. मूळ रंगावर चकचकीत वॉर्निशचा हात, तो पूर्ण वाळला की टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग. ब्रशचं टोक रिबिटाशी नुसतं टेकवलं की रंग आपोआप खाचेतून धावतो. वॉर्निश नसेल तर तो धावत नाही, जागीच डाग धरतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते: अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतो. रंग सुकणं लांबवणारा रिटार्डर घालावा, किंवा भल्या पहाटे बसावं.

एकदा तरी अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघायला हवं. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात युद्धात हाती लागलेला पॅटनही आहे. पण तिथल्या गाड्या रंगवून ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर धूळ-चिखल शोधू नये. त्यासाठी त्या काळची छायाचित्रं बघावीत. संग्रहालयात बघायचं ते पोलाद. वेल्डिंगची जाडसर शिवण बघा, ओतीव बुरुजाची खरबरीत कातडी बघा. शेरमनचा बुरुजही ओतीवच, आणि पुष्कळ किटांत तो गुळगुळीत येतो. दाट प्रायमर लावून, तो ओला असतानाच राठ ब्रशने टोचत गेलं की ती कातडी उठते.